फिश टँकची पाठ

सासरेबुवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस दवाखान्यात होते. तेवढ्यात जावयाने त्यांच्या फिश टँकची मागची काच रंगवून टाकली.

कल्पना सासूबाईंची. टँक हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या कमरेएवढ्या भिंतीवर होता. "माशांच्या मागे माझा सगळा पसारा दिसतो हो," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर लाज वाटते. तुमच्या हातात कला आहे, काहीतरी करा."

'कला' ऐकल्यावर जावयाला पुढचं काही ऐकूच आलं नाही. तो गॅरेजमध्ये गाड्यांना रंग द्यायचा. त्याच्या हातून बाहेर पडलेल्या गाडीची ठोकलेली जागा खुद्द मालकाला सापडत नसे. पण सासरेबुवा पडले निवृत्त शाळा-तपासनीस. त्यांच्या लेखी जावई नुसता 'रंग फासतो'. लग्नाला बारा वर्षं झाली, तरी त्यांच्या तोंडून एक 'छान' निघालं नव्हतं. या खेपेला ते काढायचंच, असं जावयाने ठरवलं. मासे बादलीत ठेवले, कडांना मास्किंग टेप लावली, खिडक्या सताड उघडल्या आणि गाडीचा अस्सल नेव्ही ब्लू काढला. एक हात पुरला असता. त्याने तीन मारले. रंग खडखडीत वाळल्यावर मासे परत पाण्यात सोडले, तर ते असे झळकले, की बायको म्हणाली, "अय्या, हे आपलेच का?"

सासरेबुवा घरी आले आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत टँकसमोर बसले. जावई शेजारी उभा राहिला.

"कसं दिसतंय बाबा?"

"दिसतंय."

"मासे?"

"मासेही दिसतायत."

बास. एवढंच. जावयाचा चेहरा पडला. सासरेबुवांनी मात्र एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला, मग दोन्ही उघडून टँककडे टक लावून पाहिलं. असं चार वेळा केल्यावर ते हळूच म्हणाले, "उद्या सकाळी मला डॉक्टरांकडे न्या. घरात बोलू नका, उगाच रडारड होईल."

डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला. सासरेबुवांनी शेवटची ओळ वाचली, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"डोळा फर्स्ट क्लास आहे," डॉक्टर म्हणाले. "त्रास काय होतोय?"

"काळोख दिसतो. चौकोनी."

"चौकोनी?"

"अडीच फूट बाय सव्वा फूट."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "सतत दिसतो?"

"छे. खुर्चीत बसल्यावरच. आधी तिथे अंधूक का होईना, स्वयंपाकघर दिसायचं. आता नुसता काळोख, आणि त्यात मासे फिरतात."

डॉक्टरांनी पेन खालीच ठेवलं. ते जावयाकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "मेंदूचा फोटो काढून घेऊ."

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. "डॉक्टर, फोटो नको," जावई म्हणाला. "तो काळोख नाही, नेव्ही ब्लू आहे. तीन हात."

घरी आल्यावर दारात चपला काढताना सासरेबुवा म्हणाले, "आजच्या आज खरवडून काढा."

जावई खालमानेने ब्लेड घेऊन स्वयंपाकघरात गेला, तर सासूबाई टँकला पाठ लावून उभ्या. "हात लावायचा नाही!" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "रिटायर झाल्यापासून नऊ वर्षं त्या काचेतून तपासणी चाललीय माझी. गॅस बारीक कर, झाकण ठेव, मीठ दोनदा टाकलंस. कालचा एक दिवस कसा सुखात गेला, काय सांगू!"

"पण तुम्ही तर पाहुण्यांसाठी..."

"कसले पाहुणे? आपल्याकडे येतं कोण?"

जावयाचं अगदी सँडविच झालं. हॉलमधून "झालं का?" अशी हाक येत होती, आणि समोर सासूबाई हलायला तयार नव्हत्या. या ओढाताणीत गॅसवरचं दूध सावकाश वर आलं, काठावर क्षणभर थांबलं आणि ओट्यावरून थेट जमिनीवर गेलं.

"अहो!" सासूबाई हॉलकडे तोंड करून कडाडल्या. "दूध उतू गेलं! ओरडायचं नाही का?"

"दिसलं तर ओरडणार ना!"

नऊ वर्षांत या घरात दूध उतू गेलं नव्हतं, हे दोघांच्याही लक्षात आलं असावं. ओटा पुसून झाल्यावर सासूबाई नाइलाजाने म्हणाल्या, "गॅससमोर तेवढं बशीएवढं भोक पाडा. बाकीच्या रंगाला हात लावायचा नाही."

काचेवर बशी धरून जावयाने गोल आखला. मग तो स्वतःचाच रंग स्वतः खरवडायला बसला. गाडीचा रंग तो, दीड तास जागचा हलेना. बारा वर्षांची आशा संपली, असंच त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपल्या घरी जायला निघाला, तेव्हा सासरेबुवा खुर्ची पुढे ओढून, वाकून त्या गोलातून पाहत होते. त्यांनी बोटाने त्याला जवळ बोलावलं.

"जावईबापू, कडा अगदी साफ आलीय हो. छान काम आहे तुमचं."

जावयाला आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"असंच आणखी एक जमेल?" सासरेबुवांनी आवाज आणखी खाली आणला. "तिला कळू न देता?"

"कुठे?"

"डावीकडे. ती भाजी निवडायला स्टुलावर बसते ना, त्याच्या समोर. गॅसपाशी असली की नुसती पाठच दिसते तिची." ते थोडे लाजले. "मग डोळ्याचं ऑपरेशन केलं कशाला मी?"

जावयाने गाडीची किल्ली खिशात टाकली आणि तो बशी आणायला स्वयंपाकघरात गेला.