मगदूम सरांचं चुंबक

"ह्या खेपेला तरी आलं का?" मगदूम सरांनी प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं.

"न्हाय सर," अनुजा खाली मान घालून म्हणाली. "तोंडं उलटीच हाईत."

चार महिने हेच चाललं होतं. ऑक्झाइम नावाच्या रेणूचा पूल बांधून तांब्याचे दोन अणू जोडायचे आणि त्यांचं चुंबकत्व मोजायचं, हा अनुजाच्या पीएच.डी.चा विषय. असे अणू सहसा भांडलेल्या जावांसारखे वागतात. एकीचं तोंड पूर्वेला, तर दुसरीचं पश्चिमेला. चुंबकत्व शून्य. पण दिवाळीत सरांनी स्वतः तपासणीला पाठवलेल्या नमुन्यात चक्क दणदणीत चुंबकत्व निघालं. सरांना फेटा बांधला, पेढे वाटले, आणि सत्काराला सर पाऊण तास बोलले.

तेव्हापासून अनुजा तोच पदार्थ पुन्हा पुन्हा बनवत होती आणि तो काही केल्या ऐकत नव्हता. "माझ्याकडं आलंय, तुझ्याकडं येत न्हाय, म्हंजे तुझ्या हाताला गुण न्हाय!" सर सगळ्या पोरांसमोर सुनवायचे. गारगोटीच्या कॉलेजात जागा निघाली होती. महिनाअखेर प्रबंध जमा झाला तरच ती अनुजाला मिळणार होती, आणि चुंबकत्व आल्याशिवाय सर सही करणार नव्हते.

त्या दुपारी सर घरी जेवायला बसले. त्यांची बायको त्रिशला शेंगदाण्याची चटणी ताटात पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवत होती.

"हे काय आणि?"

"खलबत्ता झिजलाय की ओ. लोखंडाचा चुरा पडतोय चटणीत. बघा!" चुंबकाला काळी मिशी फुटली होती. "दसऱ्यापासनं किती डाव सांगितलं तुम्हास्नी, नवा आणा म्हणून."

सरांचा घास तोंडातच राहिला. दिवाळीआधी प्रयोगशाळेतला दगडी खल फुटला होता आणि सोमवारी नमुना पाठवायचा होता. रविवारी त्रिशला जैन बस्तीत दर्शनाला गेलेली पाहून सरांनी तो ह्याच खलबत्त्यात अर्धा तास कुटला होता. कुटून झाल्यावर खल तीनदा धुतला होता, तोही बायकोच्या भीतीनं.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फेट्याची लाज एक वेळ गिळता आली असती. पोरीला चारचौघांत जे बोललो, ते गिळता येईना.

तरी माणूसच तो. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत सर प्रयोगशाळेत गेले आणि शक्य तितक्या सहज म्हणाले, "अनुजा, तुझेच आकडे घाल. सही करतो."

"आणि तुमचा नमुना, सर? दोन्ही खरं कसं असंल? परीक्षक विचारतील की."

सगळी पोरं बघत होती. सरांनी शिल्लक नमुन्याची बाटली काढली आणि तिला चुंबक लावलं. हिरव्या भुकटीतून काळे कण सरसर काचेला येऊन चिकटले.

"घरच्या खलबत्त्यात कुटलता मी," सर पुटपुटले. "लोखंड हाय ते."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. अनुजाही हसली असती तर सरांना बरं वाटलं असतं. पण तिचे डोळे भरून आले.

"मग सर, माझं सगळं बरोबर हुतं?"

"व्हय बाई. पहिल्यापासनं."

संध्याकाळी तिनं प्रबंधाचं सुधारलेलं पान पुढं ठेवलं. 'लोखंडी खलबत्त्यात कुटल्याने नमुना दूषित झाला', एवढंच तिनं लिहिलं होतं. कुणी कुटला, ते सोडून दिलं होतं.

"वाचणाऱ्याला तूच वाटशील की," सर म्हणाले, आणि त्यांनी लाल पेनानं त्या ओळीवर स्वतःचं नाव पदवीसकट लिहिलं. मग पहिल्या पानावर सही केली. ती इतकी बारीक आली की अनुजाला विचारावं लागलं, "सर, केली न्हवं?"