बेंजामिन सरांची न थांबणारी गाडी

बेंजामिन सर यंदा चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी होणार, हे ठरल्यात जमा होतं. ठरवलं होतं सरांनीच. निवडणूक रविवारी उपासनेनंतर, आणि समोर उभं राहायला कुणी तयार नव्हतं. तरी सर गाफील नव्हते. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आपल्या गाडीतून मतदानाला न्यायचं, म्हणून शनिवारी नगरला जाऊन त्यांनी नवे ब्रेक पॅड टाकून घेतले.

छगन मेस्त्रीनं किल्ली देताना बजावलं, "सर, पॅड अजून बसल्याले न्हाईत. मोकळ्या रस्त्याला गाडी साठवर न्यायची, ब्रेक दाबत वीसवर आणायची, परत पळवायची. असं आठ-धा डाव. पन मधी पूर्ण थांबायचं न्हाई. तापल्याल्या पॅडचा डिस्कवर डाग पडतो, मग ब्रेक मारला की गाडी थरथरती. आन् शेवटी गार होईस्तोवर ब्रेकला पायच लावायचा न्हाई."

सरांची सगळी नोकरी शाळेत गेलेली. सांगितलेलं तंतोतंत करायचं, ही जन्माची खोड. सोनई ओलांडली, रस्ता मोकळा दिसला आणि सर सुरू झाले. शेजारी रोझीबाई भाजीची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

आता आपल्याकडचा रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. फाट्यावर उभ्या माणसाजवळ ओळखीची गाडी हळू झाली, म्हणजे 'बसा'. वेगळं आवतण लागत नाही. आणि ब्रेक दाबायला फाट्यासारखी जागा नाही, तिथं गतिरोधक असतोच.

पहिल्या फाट्यावर अमृतदादा होते. गाडी वीसवर आली. "सलाम, सर," म्हणत अमृतदादांनी पिशवी उचलली, दाराला हात घातला, आणि गाडी निघून गेली.

"अहो, त्यांच्या घरात पाच मतं आहेत," रोझीबाई म्हणाल्या.

"थांबता येत नाही. डाग पडतो."

पुढच्या फाट्यावर जयमाला सासूला घेऊन उभी होती. गाडी हळू होताना बघून म्हातारी काठी टेकत धावली. सरांनी काचेआडून 'नंतर, नंतर' अशी खूण केली. बाहेरून ती 'व्हा बाजूला' अशी दिसली.

मागून चर्चमधल्याच थॉमसचा टेम्पो येत होता. सर ज्याला टाकून जात, त्याला थॉमस उचलून घेई. आरशात बघावं तेव्हा टेम्पो जास्तच भरलेला दिसायचा. सर मनात मतं मोजत होते, पण अजून तीन डाव बाकी होते.

ते संपले तेव्हा घर आलं. आलं आणि मागे गेलं.

"अहो, घर!"

"गार होईपर्यंत पाय लावायचा नाही. पुढून वळून येऊ."

"मला उतरवा," रोझीबाई म्हणाल्या. हा सूर सरांच्या ओळखीचा होता. चढावर त्यांनी गाडी आपोआप थांबू दिली. ब्रेक लागला नव्हता, म्हणजे नियमात बसत होतं. रोझीबाई उतरल्या, दार आपटलं, सर पुढे गेले.

टेम्पो येऊन थांबला. थॉमस घामाघूम झाला होता.

"वहिनी, सरांचे ब्रेक फेल झाले का? आमी कवाचं मागनं वरडतोय. ही समदी मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करायलीत."

रोझीबाई कधी खोटं बोलत नसत.

"ब्रेक अगदी उत्तम आहेत," त्या म्हणाल्या.

टेम्पोतली प्रार्थना थांबली.

रविवारी सकाळी सर दारोदार गाडी घेऊन गेले. गाडी लोण्यासारखी थांबत होती. "तुमी व्हा म्होरं," लोक म्हणाले, "आमचा टेम्पो येतोय."

सभेत कुणीतरी थॉमसचं नाव सुचवलं. थॉमस नको नको म्हणत राहिला, कुणी ऐकलं नाही. चिठ्ठ्या मोजल्या. सरांना एक मत पडलं.

घरी आल्यावर सरांनी गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली. मग म्हणाले, "ते एक तर माझंच होतं."

"मग?" रोझीबाई म्हणाल्या. "ज्यानं मला काल घरी आणून सोडलं, त्याला नको द्यायला?"