पान सापडलं नाही

समजा, तुम्ही बाजारातून नवं दप्तर आणलंत. घरी येऊन उघडलं, तर आत वह्यांना कव्हरं घातलेली, पेन्सिलींना टोक केलेलं, एवढंच काय, गृहपाठसुद्धा करून ठेवलेला! मजा वाटली ना? आता समजा, तो गृहपाठ दुसऱ्याच शाळेचा आहे. आपल्या गोष्टीतल्या आजोबांनी असंच एक दप्तर संगणकावर उघडलं होतं.

आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांची नात भिंगरी. तिने झाडांच्या पानांवर छोटीशी वेबसाइट केली होती. तिची आई परिचारिका. सध्या दुसऱ्या शहरात प्रशिक्षणाला गेलेली. जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर वेबसाइट बघणार होती. सुट्टी संपली की फोन कुलपात. म्हणून भिंगरी सकाळपासून जेवणाचंही नाव घेत नव्हती.

घरच्या संगणकावरून वेबसाइट जगाला दाखवायची तर वेब सर्व्हर नावाचा प्रोग्राम लागतो. आजोबांनी त्याचा तयार संच उतरवून घेतला. संच प्रश्न विचारू लागला. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर आधीच भरलेलं. पटलं तर नुसतं एंटर दाबायचं.

"आजोबा, प्रश्न काय आहे?"

"प्रश्नाकडे कशाला बघतेस? उत्तर आयतं दिलंय! असा पेपर जन्मात मिळाला नव्हता गं मला."

एंटर. एंटर. एंटर. पडद्यावर अक्षरं उमटली : 'अभिनंदन! तुमचा सर्व्हर सुरू झाला आहे.' आजोबांनी ताठ बसून लेकीला फोन लावला.

"उघड आता!"

"बाबा, काहीच येत नाहीये."

"तुझ्याकडे नेट नसेल."

"अहो, नेटवरूनच बोलतेय ना मी तुमच्याशी!"

भिंगरीने पडद्यावर मागच्या प्रश्नांकडे जाऊन पाहिलं. "आजोबा, इथे विचारलंय, 'वेबसाइट कुणाला दिसावी?' आणि उत्तर आहे, 'फक्त या संगणकाला.'"

"म्हणजे दार आतून लावून मी पाहुण्यांना हाका मारत होतो," आजोबा म्हणाले. त्यांनी उत्तर बदललं.

"आलं!" फोनमधून आई ओरडली. "'अभिनंदन' लिहिलंय. खाली आहे, 'हे नमुना पान आहे.' बस, एवढंच."

"नमुना? या घरात मी आहे तेवढा पुरे!" आजोबांनी ते पान पुसूनच टाकलं. वर्गात पुढचा उठला की मागचे दिसतात, तसं मागचं पान दिसेल, असा त्यांचा हिशेब. "आता बघ."

"आता 'पान सापडलं नाही' म्हणतंय."

भिंगरीचा चेहरा पडला. "कुठलं? अंजिराचं?" ती धावत जाऊन आपली पानांची पेटी उपसू लागली. "इथे तर आहे!"

"अगं वेडे, वेबसाइटचं पान," आजोबा हसत म्हणाले. त्यांचा आवाज मात्र टेबलाखालून आला. शोधायला तेही वाकले होते.

"बाबा, घंटा होईल हं आता," आई म्हणाली.

भिंगरीने खुर्ची पुढे ओढली आणि उरलेले प्रश्न वाचायला घेतले. "'तुमची पानं कुठल्या फोल्डरमध्ये आहेत?' उत्तर, 'नमुना.' पण माझी तर 'भिंगरी' फोल्डरमध्ये आहेत! तो बिचारा भलत्याच कपाटात शोधतोय."

"बिचारा तो नाही गं, मी."

तिने एकेक अक्षर दाबत 'भिंगरी' लिहिलं. आईच्या फोनवर पान उघडलं. मग आई हळूच वाचू लागली, "'हे अंजिराचं पान. याचा पंजा माझ्याएवढा आहे, पण याला नखं कापायला कुणी बसवत नाही...'" ती खुदकन हसली. मागे घंटा वाजली, कुणीतरी फोन मागू लागलं. "थांबा हो, एकच राहिलंय... लेकीचं आहे माझ्या..." आणि फोन बंद झाला.

आजोबांनी डोळे पुसले. तेवढ्यात पडद्यावर नवा प्रश्न आला : 'केलेले बदल रद्द करून मूळ उत्तरं परत आणायची का?' पुढे आयतं उत्तर होतं, 'हो.' आनंदाच्या भरात आजोबांचं बोट एंटरकडे निघालं.

भिंगरी सरळ त्यांच्या हातावर बसली, आणि प्रश्न मोठ्यांदा वाचायला लागली.