शास्त्रीबुवांचें हसूं आणि तुंगेची पोथी

श्रीहरि समर्थ. ज्याचें नांव घेतां रडतें मूल हसूं लागतें, त्या प्रभूचे पायीं मस्तक ठेवून हकीकत लिहिली ऐशी जे: शके १९३८, दुर्मुखनाम संवत्सरीं, पौष वद्य एकादशीस, एका राज्यीं, ज्याचें नांव लिहिण्याची परवानगी नाहीं, देवळांत केशवबुवा निंबगांवकर यांचें कीर्तन चाललें होतें आणि श्रीमंत सरकार सहकुटुंब श्रवणास बसले होते. बुवांनीं हरिश्चंद्राचें आख्यान लाविलें, तारामती स्मशानीं आली, सभेच्या डोळ्यांस पाणी लोटलें, आणि नेमक्या त्या समयीं सरकारांच्या कन्या मैनाराजे, वय वर्षें चौदा, खुदकन हसल्या. मग कारभारी आबाजीपंत जाऊन पाहतात तों त्यांच्या हातींच्या अभंगांच्या गाथेच्या पोटांत दुसरीच पोथी! छापील, रंगीत कव्हराची, वरी एक दोन वेण्यांची पोर तळहातावर डोंगर घेऊन उभी, आणि नांव 'तुंगेचा पराक्रम, प्रकरणें एकवीस'. सरकारांची मर्जी खप्पा जाहली. हुकूम सुटला कीं, पोथी दिगंबरशास्त्री यांचे हवालीं करावी, त्यांनीं दोष काढावे, आणि पुढील एकादशीस पूर्वरंग संपून बुवांस हार घालतेसमयीं निकाल सांगावा. दोष निघाल्यास पोथी देवळामागील तळ्यांत बुडवावी. ताईसाहेब रडल्या, परंतु हुकूम तो हुकूम.

आतां दिगंबरशास्त्री म्हणजे कोण? तर राज्याचें गांभीर्य ज्यांचे खांद्यावर, ऐसा पुरुष. तीस वर्षें कीर्तनीं पहिल्या रांगेस बसले, परंतु बुवांच्या एकाही विनोदास ओठ हलविला नाहीं. त्यांस कोणीं हसतांना पाहिलें नव्हतें, म्हणोन त्यांचें म्हणणें खरें मानावें, ऐसा दरबारचा शिरस्ता पडला होता आणि शास्त्रीबुवांस तो मानवला होता.

शास्त्रीबुवांनीं स्नान करून, गंध लावून, पाटावर बसून पोथी उघडली. हातीं लेखणी, दोष टिपावयास. पहिले प्रकरणीं तुंगा नामें पंधरा वर्षांची पोर, तिजला जन्मतः ऐसें बळ कीं डोंगर उचलावा, आणि पोळी मात्र कधीं गोल लाटतां येऊं नये. शास्त्रीबुवांनीं लिहिलें, "असंभाव्य." दुसरे प्रकरणीं तिची एक चप्पल हरवली, ती शोधावयास तिनें राक्षसाचा किल्ला पायथ्यापासून उचलून खालीं पाहिलें, आणि राक्षस पंचा नेसून न्हाणीच्या खिडकींतून ओरडला, "अगे बाई, सावकाश! आंघोळीचें पाणी हिंदकळतें!" शास्त्रीबुवांची लेखणी थांबली. तिसरे प्रकरणीं तुंगा पर्वत जागेवर ठेवून घरीं जेवावयास आली आणि तिची आई बोलिली, "पर्वत उचलतेस, आणि स्वतःचें उष्टें ताट उचलवत नाहीं होय गं?" तेव्हां शास्त्रीबुवांच्या पोटांतून एक आवाज निघाला. तो काय, हें त्यांसही प्रथम कळेना.

स्वयंपाकघरांतून उमाबाई, त्यांचें कुटुंब, धांवत आल्या. बावीस वर्षांच्या संसारांत हा आवाज त्यांनीं ऐकिला नव्हता. "अहो, काय झालं? पोटांत कळ आली का?" शास्त्रीबुवांनीं पोथी मांडीखालीं सारली आणि बोलिले, "होय. वात." मग बाईंनीं ओवा उकळून आणिला आणि शास्त्रीबुवांनीं तो निमूट घेतला. दुसरे दिवशीं राक्षसाची मावशी आली, पुन्हा कळ, पुन्हा ओवा. ऐसे आठ दिवस. बाई शेजारणीस म्हणाल्या, "ह्यांना त्या पोथीनं बाधा केलीय. बुडवतील तर बरं." तें ऐकून शास्त्रीबुवांच्या काळजांत धस्स जाहलें, आणि आपुल्या काळजांत धस्स कां व्हावें, याचें त्यांस आश्चर्य वाटलें.

विसावे प्रकरणीं तुंगा महापुरांत गांवावर पर्वत छत्रीसारखा धरून उभी राहिली, खालीं सारा गांव पंगतीस बसला, आणि वाढपी भात घेऊन आले इतक्यांत तिचें बळच नाहींसें जाहलें. तेथें प्रकरण संपलें. शास्त्रीबुवांनीं देवापुढील तुळशीचें पान उचलून तेथें खुणेस ठेविलें. पुढें एकच प्रकरण. तें वाचिलें कीं पोथी संपली! म्हणोन त्यांनीं स्वतःस सांगितलें कीं, दोष सुटले असतील, पुन्हा प्रथमपासून पाहावे. ऐसें करितां करितां माघ शुद्ध एकादशी उजाडली, आणि आतां शेवट वाचूं म्हणोन बसतात तों कारभाऱ्यांचा शिपाई दारीं उभा. पोथी गेली.

तिसरे प्रहरीं देवळांत पाय ठेवावयास जागा नव्हती. पूर्वरंग संपला, बुक्का लागला, बुवांचे गळां हार पडला. आबाजीपंतांनीं पोथी चौरंगावर ठेविली आणि माइक शास्त्रीबुवांचे तोंडाशीं धरिला. शास्त्रीबुवांचे मनीं घालमेल. निर्दोष म्हणावें तर तीस वर्षांचें गांभीर्य जातें; दोषी म्हणावें तर पोथी तळ्यांत जाते, आणि तो गांव वांचला कीं चिरडला हें या जन्मीं कळावयाचें नाहीं. अखेर गांभीर्य जिंकलें. खांकरून बोलिले, "सरकार, ग्रंथ नीरस आहे. त्यांत घेण्याजोगें कांहीं नाहीं."

तेव्हां मैनाराजे ताडकन उठून वडिलांस बोलिल्या, "खोटं! शास्त्रीबुवांनी वाचलेलंच नाहीये! वाचलं असतं तर असं म्हणाले नसते. आबासाहेब, ऐका, शेवटी तुंगेची आईच पुढं येते आणि..."

"नका! ताईसाहेब, शेवट नका सांगूं! पाया पडतों!"

माइक तोंडाशीं होता. आवाज देवळांत घुमला, कळसावरच्या कर्ण्यांतून बाजारांत गेला, आणि भाजी तोलणाऱ्यांचे हात थांबले. शास्त्रीबुवा दोन्ही कानांवर हात ठेवून उभे. सरकारांनीं पोथी उघडली, तों विसाव्या प्रकरणाशेवटीं वाळलें तुळशीपत्र. मग सरकार हळूच बोलिले, "शास्त्रीबुवा, नारदाच्या गादीसमोर उभे आहां. दोष खरा काय तो सांगा."

शास्त्रीबुवांनीं कानांवरचे हात काढून जोडले. "सरकार, दोष एकच. एकवीस प्रकरणांतच संपते."

प्रथम केशवबुवा हसले, आणि मग सारी सभा. बुवा जवळ येऊन बोलिले, "अहो, तीस वर्षं तुम्ही समोर बसतां अन् माझ्या एका विनोदाला हसत नाहीं. मी घरीं जाऊन मंडळींना विचारीं, 'अगं, माझंच कुठं चुकतं का?'" शास्त्रीबुवा खालीं पाहून म्हणाले, "बुवा, हसूं येत असे. आंतल्या आंत गिळीत होतों." "मग आतां गिळूं नका," म्हणोन बुवांनीं ठरलेलें आख्यान बाजूस ठेवून गोवर्धनधारणाचें लाविलें, आणि देवानें करंगळीवर पर्वत धरिला असतां गवळी आपापल्या काठ्या लावून "आम्हीच धरलाय हो!" म्हणतात, तेथें शास्त्रीबुवा इतके हसले कीं शेजारच्यानें त्यांची पगडी सांवरिली.

पोथी तळ्यांत गेली नाहीं. ताईसाहेबांनीं ती आपण होऊन शास्त्रीबुवांस दिली, आणि वर ताकीद केली, "सोमवारी परत. अन् पानं दुमडायची नाहीत." दुसरे दिवशीं सकाळीं शास्त्रीबुवा पाटावर बसले, तुळशीपत्र काढून ठेविलें, आणि थोड्या वेळानें स्वयंपाकघरांत तोच आवाज आला. उमाबाईंनीं चुलीवर आधण ठेविलें नाहीं, ओव्याचा डबा काढला नाहीं. हात पुसून बाहेर आल्या आणि पाटाशेजारीं बसून बोलिल्या, "मोठ्यानं वाचा. पहिल्यापासून."

तात्पर्य, संवत्सर दुर्मुख होतें खरें, परंतु राज्य सुखी राहिलें, आणि परीक्षणाचा लेखी निकाल अद्याप दफ्तरीं आला नाहीं. येणेंप्रमाणें घडलें तें लिहिलें; वाचणाराचें मुख प्रसन्न असो.