चार लाल जाकिटे आणि हटून बसलेले धुलाईयंत्र, येविषयीची हकीकत

सस्कॅचवान प्रांती मौजे हार्लन क्रीक येथील एका तळघरात फेब्रुवारी मासी शनिवारी जे रण माजले, ते जैसे घडले तैसे लिहितो. उणे तीस अंशांचे थंडीत शाई गोठली, ती किटलीपाशी धरोन पातळ केली, सबब अक्षर वाकडे आल्यास क्षमा असावी.

मौजे मजकुरी लॉर्न हाव्रिलुक म्हणोन बहुत मानी पुरुष. बर्फावर दगड सरकविण्याचा जो कर्लिंग खेळ, त्यात चौघांचे पथकाचे कर्णधार. दुपारी दोन वाजता शेजारील मेल्बी गावाशी अंतिम सामना मुक्रर जाहला होता, आणि चौघांचा पोशाख एकरंगी नसल्यास बर्फावर पाऊल ठेवू देऊ नये, ऐसा क्लबाचा कायदा. सामन्याआधी सारी जाकिटे कर्णधाराचे घरी धुवावी हा जुना शिरस्ता. म्हणोन चारही लाल जाकिटे यंत्राचे पोटात गेली. मग यंत्राने घुसळले, खंगाळले, आणि पिळण्याचे समयी एकाएकी हटून बसले. दार कुलूपबंद, काचेआड पाणी तुडुंब, आणि घड्याळात अकरा.

लॉर्नबहादूर हत्यारांची पेटी घेऊन तळघरी उतरले. प्रथम सामोपचारे कळ दाबली, मग दहा वेळा दाबली, मग वायर उपटून पुन्हा खोचली, आणि तेणेही कार्य न होता पाठीचा पत्रा उतरविला, तो आतील पट्टा शाबूत. मग गुडघ्याने दोन तडाखे दिधले. यंत्र ढिम्म, गुडघा मात्र जायबंदी जाहला. इतकियांत पत्नी व्हर्नाबाई जिन्यावर प्रकट जाहल्या.

"अरे, पाणीच निघालं नाही तर ते पिळणार कसं? खालची झडप उघड. तिथे जाळी असते, पुस्तकात चित्र आहे."

"मला पुस्तक नको. तीस वर्षं ट्रॅक्टर उघडतोय मी! तुझ्याच केसांच्या पिना अडकल्या असतील."

"बरं, पिना माझ्या. आणि झडपेपुढे फळी ठोकली ती कुणी? ट्रॅक्टरने?"

गतसाली लॉर्नबहादुरांनीच शोभेकरिता ओकाची फळी डिंक लावून, वर बारा स्क्रू मारोन यंत्राचे पायथ्याशी जातीने बसविली होती. आपला कोट आपणच पाडणे नशिबी आले. पहार लावून फळी फोडली, पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, उकडण्याचे पातेले खाली धरिले, झडप उघडली, तो पाण्याचा लोंढा सुटला. सात पातेली भरली, आणि मग जाळीतून एक निळा बिल्ला निघाला. त्यावर मेल्बी पथकाची खूण जे बदक, ते कोरलेले.

सामन्यानंतर एकमेकांचे बिल्ले बदलावे ही कर्लिंगवाल्यांची रीत. परंतु नऊ वर्षांपूर्वी कोणाचा दगड मध्याजवळ हे मापताना मेल्बीकरांनी दगा केला, म्हणोन लॉर्नबहादुरांनी आपले पथकास सक्त हुकूम फर्माविला होता की, मेल्बीचा बिल्ला कोणी घेऊ नये. आणि गेल्याच महिन्यात स्वतः गुपचूप घेऊन जाकिटाचे खिशात दडविला होता. त्यांनी तो झटकन मुठीत लपविला. मग जाळीतून दुसरा निघाला. मग तिसरा. मग चौथा.

"मुठीतला तुझा," व्हर्नाबाई म्हणाल्या. "बाकीचे तीन कुणाचे रे?"

लॉर्नबहादुरांस आधी संताप आला, मग लाज वाटली. नऊ वर्षांचे वैर आपण एकट्यानेच राखले, ते पण धड नाही, हे कळोन चुकले. मग तेथेच ओल्या फरशीवर बसोन डोळ्यांस पाणी येईतो हसले. जाळी परत बसविली, कळ दाबली, आणि यंत्र भिंती हादरवीत फिरले.

पावणेदोन वाजता बर्फाकाठी चौघांचे अंगावर दमट जाकिटे चढली. लॉर्नबहादुरांनी ज्याचे त्याचे छातीवर बिल्ला लाविला, शेवटी आपले. तिघे गडी छताकडे पाहत राहिले.

येणेप्रमाणे धुलाईयंत्र फत्ते जाहले, जाकिटे चारही सुखरूप हाती आली. सामना मेल्बीकरांनी जिंकला. जिंकणाऱ्याने हरणाऱ्यास पाजावे या रीतीप्रमाणे त्यांनी बोलाविले, आणि नऊ वर्षे वेगळ्या टेबलाशी बसणारे लॉर्नबहादूर खुर्ची ओढून त्यांचे टेबलाशी गेले.