यशवंतरावांचा ओठ

यशवंतरावांचा वरचा ओठ पुन्हा सुजला आणि त्यांनी पुन्हा मच्छरांनाच दोष दिला.

"तलावाचे मच्छर आहेत हे! चावून चावून जीव घेऊन राहिले."

"रात्रभर मच्छरदानीत तर होते तुमी," पद्मिनीबाई म्हणाल्या.

"घुसला असंल एखादा. तुले नाई समजत."

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर यशवंतरावांजवळ वेळ होता आणि तक्रार करायची हौसही. तेलीबांधा तलावाजवळच्या घरातून ते रोज वॉर्ड ऑफिसात जात आणि पुरावा म्हणून ओठ दाखवत. साहेबांनी एकदा तो ओठ जवळून पाहिला आणि कॉलनीच्या नाल्या साफ झाल्या. संध्याकाळी धुराची गाडी फिरू लागली. मच्छर गेले. दोन दिवसांनी ओठ परत सुजला.

अशातच मीनल नावाची मुलगी घरी आली. देशात कोणत्या वयाच्या लोकांना कोणत्या खाण्याची अॅलर्जी होते, याची पाहणी चालू होती. बोलणं समजायचं तिला मराठीत, उत्तर निघायचं हिंदीत.

"दादाजी, आपको कुछ खाने से तकलीफ?"

"मले काहून होईल? अॅलर्जी लहान पोट्ट्यांले होते. दुधाची, अंड्याची. आमी गोटे पचवले!"

पद्मिनीबाईंनी तिच्यासाठी गरम फरे आणले होते, तांदळाच्या पिठाचे वाफवलेले, वरून तिळाची खमंग फोडणी. पाहुणी 'नको' म्हणत होती, तोवर यशवंतरावांनी चार-पाच संपवले. बोलता बोलता त्यांचे कान लाल झाले. मग ओठ फुगला.

मीनल लिहायची थांबली. "दादाजी, मच्छर कहाँ है?"

यशवंतरावांनी हवेत शोधलं. एकही नव्हता. त्यांनीच हाकलून लावले होते.

मीनलनेच ऑटो थांबवली, दवाखान्यात नेलं. इंजेक्शन देऊन, ओठ सुजायचा त्या दिवशी काय काय खाल्लं ते विचारून डॉक्टर म्हणाले, "तिळाची अॅलर्जी आहे. लहानपणीच व्हावी असं काही नाही, म्हातारपणीही सुरू होते. आता तीळ बंद."

"पोरी, तू समोर होती म्हणून वाचलो," यशवंतराव तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले.

घरी येताना मात्र त्यांना लाज वाटू लागली. एका तिळापायी त्यांनी सारं वॉर्ड ऑफिस कामाला लावलं होतं! आणि दारात शेजारचे अनंतराव, शाल-नारळ घेऊन, सोबत अर्धी कॉलनी.

"काका, तुमचा सत्कार करतो."

"नका करू," यशवंतराव म्हणाले. "मच्छर नव्हता हो तो. तीळ होता."

अनंतराव हसले.

"तुमाले तीळ, पन आमाले तर मच्छरच चावत होते ना! मागच्या साली आमच्या कौमुदीले डेंगू झाला. आमी सारे घरात बसून चिडत होतो. ऑफिसात कोनी गेलं का? तुमीच गेले. औंदा पोट्टी बाहेर खेळून राहिली."

त्यांनी यशवंतरावांना शाल पांघरवली. टाळ्या वाजल्या. यशवंतराव उत्तर द्यायला पुढे झाले, पण गळा दाटून आला, डोळे भरले आणि शब्द फुटेना.

पद्मिनीबाई धावत आल्या. "अहो, आता काय खाल्लं तुमी?"