पहिल्या रांगेतले कोंडिबा आप्पा

गरोदर बायकांच्या आहाराची बैठक होती आणि पहिल्या रांगेत सत्तरीचे कोंडिबा आप्पा मांडी घालून बसले होते. मी हळूच म्हटलं, "आप्पा, ही बैठक गरोदर बायकांची आहे." आप्पा जागचे हलले नाहीत. "व्हय की. तुमी चालू द्या. आन् माजं नाव लिव्हा."

मी लिहिलंसुद्धा. त्या गावात नवी होते, आणि आम्हा संस्थेच्या माणसांना हजेरीपुढे देव दिसत नाही. आठवड्याने पुण्याच्या ऑफिसातून फोन आला, "निमोण्याच्या यादीत ही कोंडिबा नावाची बाई कोण?" काय सांगणार, कपाळ!

निमोणे हे शिरूर तालुक्यातलं शेतकऱ्यांचं गाव. आमची संस्था तिथे मजुरीला जाणाऱ्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवते आणि आयाबायांच्या बैठका घेते. इतर संस्थाही येऊन जातात. कुणी शेळीपालन शिकवतं, कुणी गांडूळखत. आप्पा सगळीकडे हजर. घरात एक शेळी नाही, पण शेळीपालनाची दोन प्रमाणपत्रं फ्रेम करून भिंतीवर. लोक म्हणत, म्हातारा बिस्किटांसाठी जातो. पण आप्पांना शुगर. पुडा उघडायच्या आतच तो शेजारी बसलेल्या बाईच्या पदरात पडायचा.

आमच्या बैठकीत सगळे गोल बसून आपली ओळख करून देतात आणि शेवटी मी प्रत्येकाला विचारते, "तुम्हाला काय वाटतं?" बाकीचे "चांगलं वाटतं" म्हणून चपला शोधायला लागतात. आप्पांची ओळख मात्र आजोबांपासून सुरू व्हायची. मग घसा खाकरून, "आता माजं मत असं हाय, ताई..." की मी पेनाला टोपण लावायचे. बाळाला अंगावर कधीपर्यंत पाजावं, यावरही त्यांचं मत होतं आणि ते वीस मिनिटं चाललं. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा वैताग यायचा. पण पहिले तीन महिने माझ्या बैठकीला नेमाने येणारे तेवढे एकटेच होते, हेही खरं.

मग पाळणाघरच अडचणीत आलं. ते भरायचं समाजमंदिरात. तिथलं छत खचलं आणि ग्रामपंचायतीने कुलूप लावलं. संस्थेने कळवलं की गावाने महिन्याभरात जागा दिली तर ठीक, नाहीतर पाळणाघर दुसऱ्या गावाला हलवू. खुरपणीला जाणारी मंगल माझा हात धरून म्हणाली, "ताई, माजी पोर परत बांधावर निजवू का? मागं तिच्या झोळीखाली साप निगाला व्हता."

मी गावाची बैठक घेतली. बड्या मंडळींनी संस्थेचे भरभरून आभार मानले. जागेचं विचारलं, तर एकाच्या खोलीत कांदा होता, दुसऱ्याकडे पाहुणे यायचे होते, तिसऱ्याच्या घराची म्हणे वास्तुशांत राहिली होती. मंगल खाली मान घालून बसली होती. फिरत फिरत पाळी आप्पांवर आली. मी सवयीने विचारलं, "आप्पा, तुम्हाला काय वाटतं?" आणि पेनाला टोपण लावलं.

आप्पांनी घसा खाकरला नाही. बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि माझ्या वहीवर ठेवली. "माज्या म्होरच्या दोन खोल्या घ्या. घर लई गप हाय माजं. पोरांनी जरा कालवा करू द्या."

बैठक उठल्यावर मी आप्पांना गाठलं. म्हटलं, "आप्पा, तुमचे फार उपकार झाले."

"उपकार कसले? मालकीण गेल्यापासनं मला कुणी कायबी इचारत न्हाई. पोरं चाकणला कंपनीत. फोन करत्यात, गोळ्या घेतल्या का म्हणत्यात. चांगली हायती पोरं. पण तुमी इचारता, आप्पा, काय वाटतं. म्हणून येतो मी."

आता पाळणाघर त्यांच्याकडेच भरतं आणि मंगलची पोर त्या प्रमाणपत्रांखाली झोपते. माझी मात्र बदली झाली, दौंड तालुक्यात, यवतजवळच्या एका गावात. पहिल्या बैठकीला मी सतरंज्या अंथरून अर्धा तास बसले. चिटपाखरू नाही. गाशा गुंडाळावा म्हणून उठले, तर दारात आप्पा. पाळणाघरातून बैठकीची तारीख विचारून घेऊन, दोन एसट्या बदलून आले होते. पहिल्या रांगेत बसले आणि म्हणाले, "माजं नाव लिव्हा." हा कोण म्हातारा, म्हणून दोन बाया डोकावल्या. मग पाच आल्या. मग हजेरीचा कागद पुरेना.

त्यांना सोडायला यवतच्या स्टँडवर गेले. आप्पा बाकावर टेकले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, नव्या गावात तुमाला काय वाटतं?"

अकरा वर्षं मी हा प्रश्न गावोगाव विचारत आले. मला तो कुणी विचारला नव्हता. डोळे भरून आले, आणि मग मी सांगायला लागले, तीसुद्धा थेट माझ्या आजोबांपासून. आप्पांची चौफुल्याची एसटी आली, थांबली आणि निघून गेली. आप्पा ऐकत बसले होते.